शंभर रुपयांत अख्खा सीझन!

शनिवारी रात्री तुमचा हुकमी स्ट्रायकर मांडीचा स्नायू धरून खाली बसतो आणि दोन मिनिटांत ग्रुपवर मेसेज सुरू होतात. बदली कोण? आणि त्याच्यावर किती लावायचे?

फँटसी फुटबॉल आपल्याकडे पोहोचलं ते फँटसी प्रीमियर लीगमुळे. तिथे १५ खेळाडू, १० कोटी पौंडांचं काल्पनिक बजेट आणि एकच हालंड लाखो टीममध्ये. पण मित्रांच्या ड्राफ्ट लीगमध्ये एक खेळाडू एकाच मॅनेजरचा असतो. मग मोकळ्या खेळाडूवर सगळ्यांच्याच उड्या पडतात. अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये यावर तोडगा आहे, बंद बोलीचा. प्रत्येकाला सीझनभरासाठी १०० काल्पनिक रुपये. ठरलेल्या वेळेपर्यंत आकडा गुपचूप द्यायचा. मोठा आकडा जिंकतो आणि तेवढे पैसे कायमचे जातात. हरणाऱ्याचे शाबूत राहतात.

शेंदूरजनाघाटच्या पोरांना हे वेगळं शिकवायला नको. संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते, तेव्हा व्यापारी बांधावरून फिरतो, फळांचा अंदाज घेतो आणि अख्ख्या बागेचा एकच भाव बोलतो. पुढे फळगळ झाली, गारपीट झाली, तर हिशेब कोलमडतो. खेळाडूचंही तसंच. मागच्या मॅचचे दोन गोल दिसतात, पण आपण पैसे मोजतो ते पुढच्या मॅचचे.

इथेच एक गंमत आहे. सगळ्यांत मोठी बोली बहुतेकदा त्याचीच असते, ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकलेला असतो! तेलक्षेत्रांच्या लिलावात हे का घडतं, ते केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकी इंजिनिअरांनी १९७१ मध्ये मांडलं. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. आपल्या भाषेत, “कायले इतके लावले बे?”

मग बोली लावायची कशी?

आधी गरज किती आठवड्यांची ते बघा. आपला खेळाडू तीन आठवड्यांत परतणार असेल, तर बदलीवर ४० रुपये उडवू नका, पाच-सात पुरे. त्याच्या पुढच्या तीन मॅच कोणाशी आहेत ते तपासा. १० ऐवजी ११ लावा, कारण गोल आकडे सगळ्यांनाच सुचतात. आणि शेवटच्या महिन्यासाठी थोडे राखून ठेवा. तेव्हा बाकीचे कंगाल असतात, १५ रुपयेवाला राजा असतो.

आता मुद्द्याचं. “प्रत्येकी पाचशे काढू, मजा येईल,” असं कुणी तरी म्हणतंच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. त्यानंतर ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब बघा. काल्पनिक शंभर संपले तर ग्रुपवर खेचाखेची होते, बस. मेसचे पैसे संपले तर ते परत मिळवायला आणखी पैसे लागतात. मग फुटबॉल राहतं बाजूला.

लीग सुरू करायची तर आठ जण पुरतात. न खेळणारा एक मित्र बोली गोळा करेल. शुक्रवारी रात्री नऊ ही वेळ ठरवा. दोघांचा आकडा सारखा आला, तर टेबलमध्ये खाली असलेल्याला खेळाडू द्या. हा नियम मात्र आधीच लिहून ठेवा. भांडणं नेमकी इथेच होतात!