दहावीनंतरची वाट आणि घरची माणसे : लातूर-नांदेडचा आढावा

मराठवाड्यातील शिक्षणाविषयी काही लिहावयाचे झाल्यास, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी अमलाखाली होता, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि पदवीसाठी हैदराबादचा रस्ता धरावा लागत होता, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. कारण ज्या घरांतील नातू आज ‘नीट’च्या तयारीत गढलेला आहे, त्यांतील कित्येक घरांत आजोबांनी शाळेची पायरीदेखील चढलेली नाही. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. आणि जादा तास, सततच्या सराव परीक्षा व शिक्षकांचे अथक परिश्रम यांच्या बळावर ज्याला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले, त्या पद्धतीने मंडळाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीने लातूरचे नाव नेऊन बसवले. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ साली नांदेडात स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हाही त्याच परंपरेचा गौरव होता. हे सारे कर्तृत्व खरे आहे आणि त्याविषयी मला मनःपूर्वक अभिमान आहे.

परंतु या अर्धशतकाच्या वाटचालीत घराच्या वाट्याला नेमके काय आले, हे पाहू गेल्यास चित्र निराळे दिसते.

बारावीच्या वर्षाची लातुरातील एखादी भाड्याची खोली पाहावी. मुलाच्या किंवा मुलीच्या जेवणाची आबाळ होऊ नये म्हणून आई गाव सोडून येथे येऊन राहिली आहे. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात पुस्तकांची चळत, भिंतीवर सराव परीक्षांचे वेळापत्रक. आणि गावी बाप एकटाच शेतावर राबत, सोयाबीनचे पैसे हाती पडले की खोलीभाडे नि क्लासची फी भागवतो. ज्यांना खोली करणे झेपत नाही, त्यांच्या घरून सकाळच्या एसटीने डबा येतो. कापडी पिशवीवर मुलाचे नाव लिहिलेले असते आणि तो उतरवून घेण्यासाठी मुले बसस्थानकावर ताटकळत उभी असतात. कुटुंबाचा सहभाग यापेक्षा अधिक तो कोणता असावयाचा? आणि तरीही, मुलाने पीसीबीचा ग्रुप घ्यावा की पीसीएमचा, की मुळात विज्ञानाकडे जावेच का, हा निर्णय झाला त्या दिवशी त्या आईला कोणी विचारलेले नसते. निर्णय घेतो दहावीचा टक्का, भावकीतला एखादा नोकरदार, नाही तर रस्त्यावरचा जाहिरातीचा फलक. घराकडे उरतो तो खर्च, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर व जातपडताळणीचे कागद गोळा करण्याची धावपळ.

यात दोष पालकांच्या उदासीनतेचा आहे, असे म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटते. शाळेची पालकसभा भरते ती बहुधा निकालाच्या, शिस्तीच्या किंवा वर्गणीच्या निमित्ताने, आणि तीही ऐन कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. कंधार-मुखेडकडील अनेक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची तजवीज होते, पण त्यांच्या पुढील शिक्षणाविषयी बोलणे व्हावयाचे तर ते कोणाशी व्हावे? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठोर आहे, कारण तेथे दहावीनंतर काय, याचे उत्तर कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत वेळेवर बस आहे की नाही आणि घरात लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत की नाहीत, यांवर ठरते. आणि ते घरच्यांशी आधी बोलल्यावाचून बदलत नाही.

कायद्याने या कामी काही केले नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. पण त्या कायद्याचा आवाका आठवीपर्यंतचा, म्हणजे जेथून पुढच्या वाटेचा विचार सुरू व्हावयाचा, तेथेच तो संपतो. राज्य शासनाने २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली, हा उपक्रम स्तुत्यच होता. मात्र तिचा अहवाल समोर ठेवून आईबापांशी तासभर बोलेल असा माणूस जेथे शाळेत नसे, तेथे तो कागदही इतर दाखल्यांबरोबर ट्रंकेतच जाई. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० चे, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखण्याचे, प्रादेशिक सूत्र रद्द झाले, ही मराठवाड्याची मोठी तक्रार दूर झाली खरी; पण त्यामुळे सर्वांचे डोळे त्या एकाच दरवाजाकडे अधिकच लागले. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासूनचे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आणि तरी ज्याच्या घरी चार पिढ्या शेती आहे, त्या मुलापुढे कृषी शाखेचा विषय निघतो तो बहुधा ‘नीट’चा दुसरा प्रयत्न फसल्यावर, वर्ष-दोन वर्षे गॅप पडल्यावर. शेतकरी बापाला पिकाविषयी, बाजाराविषयी, पाण्याविषयी जे ज्ञान आहे, ते मुलाच्या निवडीत उपयोगी पडू शकते, हे त्याला आजवर कोणत्याही गुरुजींनी सांगितलेले नाही.

म्हणून या दोन जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पालकांना दहावीच्या निकालानंतर बोलावू नका, आठवी-नववीतच बोलावा. ऊसतोडीचे लोक गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, आणि रात्रीच्या जेवणानंतर, गावच्या देवळात किंवा समाजमंदिरात बैठक घ्या. त्या बैठकीसाठी आईला आवर्जून बोलावणे धाडा. आणि कोणत्या शिक्षणाला किती वर्षे, किती खर्च, कोणती शिष्यवृत्ती नि कोणते दाखले लागतात, हे फळ्यावर लिहून दाखवून, त्यानंतर प्रथम घरच्यांचे ऐका. सरकारी हुकमाची वाट न पाहता यंदाच्या वर्षीही हे करता येण्याजोगे आहे.