धावणाऱ्याने गाणी कशी निवडावीत?



पहाटे साडेपाचच्या सुमारास शाळेच्या मैदानावर गेले की हल्ली दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. दुसरी, ‘साखर वाढू लागली आहे, आता हातपाय हलवा’ असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे नाइलाजाने आलेली आमच्यासारखी चाळिशी ओलांडलेली मंडळी. दोघांच्याही कानांत इअरफोन असतात. पण जरा बाजूला उभे राहून त्यांच्या पावलांकडे पाहा. गाणे एका चालीने चाललेले असते आणि पाय भलत्याच चालीने. म्हणजे गाण्याचा उपयोग कंटाळा घालवण्यापुरताच होतो. त्याहून मोठा उपयोग आहे, तो वाया जातो.

मीही हीच चूक केली. पहिल्या आठवड्यात मोबाइलवर माझ्या आवडीची दहा-बारा गाणी एकाखाली एक लावली आणि निघालो. तिसरेच गाणे लग्नाच्या वरातीत वाजवावे असे निघाले. पाय आपोआप त्याच्यामागे धावू लागले. अर्ध्या फेरीत दम कोंडला आणि उजव्या पायाची पोटरी भरून आली. पुढचे दहा दिवस मी लंगडत होतो, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगण्याची पाळी आली ती वेगळीच. दोष गाण्याचा नव्हता. निवड चुकली होती.

वास्तविक, कामाला गाण्याची जोड देणे आपल्याला नवीन नाही. भाताची लावणी करणाऱ्या बायांची ओळ गाणे म्हणत मागे सरकते. कापणी-मळणीला भलरी म्हणतात. जात्यावर ओव्या होत्या, मोटेवर गाणी होती. त्या गाण्यांची चाल ओळीतल्या सगळ्यांना झेपेल अशीच धरलेली असते. कोणी तरणी पोर उत्साहाने चाल वाढवू लागली, तर जाणती बाई तिला आवरते, कारण दुपारपर्यंत वाफा संपवायचा असतो. धावण्याची गाणी निवडताना हेच शहाणपण हवे. गाणे आपल्याला ओढण्यासाठी नसते, सांभाळण्यासाठी असते.

या विषयाचा अभ्यासही जुनाच आहे. न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना सायकलपटूंचा वेग वाढतो आणि बँड थांबला की उतरतो, हे लेनर्ड एअर्स या गृहस्थांनी नोंदवून १९११ साली प्रसिद्ध केले. अलीकडे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील प्राध्यापक कोस्टास कारागेऑर्गिस यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. हलक्या आणि मध्यम श्रमात संगीतामुळे थकव्याची जाणीव सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते, असे त्यांचे सांगणे आहे. मात्र श्रम फार वाढले, छाती भात्यासारखी हलू लागली, की हा गुण उतरतो. शरीराची हाक इतकी मोठी होते की गाणे ऐकू येऊनही मनापर्यंत पोहोचत नाही. इथिओपियाचा थोर धावपटू हेले गेब्रेसेलासी याने १९९८ साली बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विक्रम मोडला, तेव्हा ‘स्कॅटमन’ हे गाणे मुद्दाम मैदानात लावून घेतले होते. तो विक्रमवीर होता. आपण साधी माणसे, आपले काम लयीशी आहे.

आता लय म्हणजे काय, ते समजून घेऊ. आमच्या सेमिनरीत ऑर्गनचा सराव करताना मेट्रोनोमची टकटक लावून ठेवीत. मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक, १२० म्हणजे सेकंदाला दोन. प्रत्येक गाण्याचा असा एक आकडा असतो. तो काढायला यंत्र लागत नाही. गाणे लावा, आपसूक जिथे टाळी पडते तिथे टाळी द्या आणि घड्याळाकडे पाहून १५ सेकंदांत किती टाळ्या झाल्या ते मोजा. त्याला चाराने गुणले की झाले. तबला-ढोलकीवर हात बसलेल्या मंडळींना हे सांगायला नकोच. गायनमंडळातील मुलामुलींनाही हे पाच मिनिटांत जमते. त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांची यादी करून देण्याच्या कामाला लावावे.

गाण्याच्या आधी आपला स्वतःचा आकडा काढावा लागतो, आणि बहुतेक लोक हेच विसरतात. नेहमीच्या आरामशीर वेगाने पाच मिनिटे धावा, गाणे न लावता. मग ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा. त्या संख्येला चाराने गुणले म्हणजे मिनिटाची एकूण पावले निघतात. उजवा पाय ४० वेळा पडला, तर पावले १६०. नवशिक्या माणसाचा आकडा साधारण १५० ते १७० च्या दरम्यान येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. ‘मिनिटाला १८० पावले पडलीच पाहिजेत’ असे मुले एकमेकांना सांगतात. हा आकडा आला तो जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाकडून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावले मोजली, तेव्हा जवळजवळ सर्वांची १८० किंवा त्याहून अधिक भरली. पण ते ऑलिंपिकचे धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. किराणा दुकान सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाने पहिल्याच दिवशी तो आकडा धरला, तर त्याचे गुडघे नव्हे, आधी छातीच तक्रार करील. उंची, पायांची लांबी, वेग, सवय यांप्रमाणे आकडा बदलतो.

तरीही पावले थोडी जलद आणि आखूड टाकण्यात लाभ आहे. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे आपटते आणि तो हिसका गुडघ्यात जातो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवले की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. म्हणजे तुमचा आकडा १६० असेल, तर १६८ पर्यंत जायला हरकत नाही. पण सावकाश, तीन-चार आठवड्यांत. गाण्याचा खरा उपयोग इथे आहे. नुसते मनाशी ठरवून पाऊल बदलत नाही. कानात ठेका असला की बदलते.

मग मिनिटाला १६० ठोक्यांचे गाणे कुठून आणायचे? शोधायची गरज नाही. ८० ठोक्यांचे गाणे घ्या आणि प्रत्येक ठोक्याला दोन पावले टाका, म्हणजे उजवा पाय ठोक्यावर आणि डावा मधल्या जागेत. आपली कितीतरी चित्रपटगीते आणि भावगीते ८० ते ९० च्या घरात बसतात. तीन-तीनच्या झोकावर चालणारी, दादऱ्याच्या वजनाची गाणी मात्र धावायला अडचणीची. त्यांत ठोका एकदा उजव्या पायावर पडतो, एकदा डाव्या. सवय झाली तर जमते, पण नवख्याने कहरव्याच्या वजनाचीच गाणी घ्यावीत.

आणखी एक काळजी. भजनी मंडळाचा गजर ऐकायला कितीही गोड असला तरी धावण्याच्या यादीत घालू नये. गजर संथ सुरू होतो आणि चढत चढत शेवटी टिपेला जातो. तोच त्याचा धर्म आहे. पण धावणाऱ्याला नकळत पळवून दमवणारे गाणे तेच. समारंभात ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांनाही ही खोड असते. पहिल्या मिनिटाच्या टाळ्या मोजा आणि शेवटच्या मिनिटाच्या मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच ते गाणे ठेवा.

यादीचा क्रम कसा असावा? गोव्याकडच्या वाचकांना मांडो आणि दुलपद ठाऊक आहेतच. मैफल संथ मांड्याने उघडते आणि दुलपदाच्या नाचऱ्या चालीवर जाते. आपले शास्त्रीय गायकही विलंबितातून मध्य लयीत आणि मग द्रुतात येतात. उघडताना तसेच करावे. पहिली दोन गाणी ११० ते १२० ठोक्यांची, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, आणि नुसते झपझप चालायचे. (पायदळाच्या संचलनाची साधारण चालही मिनिटाला १२० पावलांचीच असते.) आठ-दहा मिनिटांत सांधे मोकळे होतात. मग आपल्या आकड्याची चार-पाच गाणी. त्यांत चढउतार नको. मात्र मैफल टिपेवर संपते, धावणे तसे संपवू नये. शेवटी पुन्हा दोन संथ गाणी आणि चालणे. धावून एकदम उभे राहिल्यास पायांतले रक्त चटकन वर येत नाही आणि चक्कर येते. हे वयस्कांनी विशेष ध्यानात ठेवावे.

अगदी नवीन माणसाला एक सलग गाणेभर धावणेही जमत नाही. त्याने धृपदाला धावावे आणि अंतऱ्याला चालावे. अंतरा बहुधा धृपदाहून लांब असतो, त्यामुळे विश्रांती आपोआप जास्त मिळते. दोन-तीन आठवड्यांनी उलट करावे, अंतऱ्याला धावावे आणि धृपदाला चालावे. घड्याळ पाहावे लागत नाही, ही यातली गंमत. धावताना शेजाऱ्याशी एक वाक्य पुरे बोलता आले, तर वेग योग्य समजावा. एकेक शब्दाला दम लागत असेल, तर गाणे काहीही सांगो, चालू लागावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. अर्ध्या तासाची एक यादी आठवड्यातून पाच दिवस पुरी केली की हिशेब जुळतो. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावण्याच्या गाण्यांना हात लावू नये. चालण्याची यादी करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात दोन-चार साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात.

आवाज किती असावा, यावर मुलांशी माझे नेहमी भांडण होते. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाइलची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये हे उत्तम. शेजारी उभ्या असलेल्याला तुमचे गाणे ऐकू येत असेल, तर तो फारच मोठा आवाज.

आणि रस्त्यावर धावताना एक कान रिकामा पाहिजे. आमच्या बेळगाव भागात उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. कित्येकांना मागचा दिवा नसतो, आणि चालकाची स्वतःची गाणी इतकी मोठ्याने लागलेली असतात की त्याला तुम्ही ओरडलेले ऐकू येणार नाही. दोघेही बहिरे, आणि मध्ये अरुंद रस्ता! मागच्या हंगामात एक मुलगा अगदी थोडक्यात वाचला. हात खरचटण्यावर निभावले. मैदान असेल तर मैदानातच धावावे. नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने, अंगात पांढरे काहीतरी घालून आणि एकाच कानात इअरफोन ठेवून.

आता भरतीच्या मुलांसाठी वेगळे दोन शब्द. तुमची शर्यत १६०० मीटरची. ती ६ मिनिटांत संपवायची तर ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला ९० सेकंद मिळतात. मैदानावर मी काय पाहतो? पहिली फेरी ७० सेकंदांत, आणि तिसरीत जीभ बाहेर. तुम्हांला ताकद कमी पडत नाही, लय कमी पडते. ८५ ते ९० ठोक्यांचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे असे एकच गाणे निवडा. ते लावून ४०० मीटर ९० सेकंदांत धावा, मग दोन-तीन मिनिटे चाला, आणि असे चार-सहा वेळा करा. रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा.

पण भरतीच्या दिवशी कानात काही घालू देत नाहीत. मोठ्या स्पर्धांचेही नियम तसेच आहेत. मैदानी शर्यतीत धावपटूजवळ असले उपकरण सापडले तर ते बाहेरचे साहाय्य धरले जाते. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ साली रस्त्यावरच्या शर्यतींतही इअरफोनला बंदी घातली होती. पुढे ती शिथिल करून बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरती ठेवली. म्हणून भरतीला तीन आठवडे राहिले की यादीतून हात काढायला लागा. पहिल्या आठवड्यात पहिली फेरी गाण्यावर आणि पुढची गाण्याशिवाय. दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट गाणे ऐका, इअरफोन काढून मित्राकडे द्या आणि तोच ठेका मनात धरून धावा. मित्राने ३० सेकंद तुमचे उजवे पाऊल मोजावे. ४३-४४ भरले तर चाल टिकली. ३९ वर आले, तर तुम्ही ढांग लांबवू लागला आहात. ५० वर गेले, तर घाबरून पळता आहात. तिसऱ्या आठवड्यात मोबाइल घरीच ठेवा.

ज्यांना टाळ्या मोजणे जमत नाही, त्यांनी रविवारी मिस्सानंतर गायनमंडळाच्या मुलांना भेटावे. बाकावर बसून दहा मिनिटांत एका गाण्याचा आकडा निघतो. येताना गाणी मात्र आपापली आणावीत, माझ्या आवडीची कोणी मागू नयेत.