सव्वाशेतला पाव कशाचा?



पाचवीतल्या एखाद्या मुलाला परतवाड्याच्या बाजारात बरोबर घेऊन जा. पावभर मिरच्या घ्या, अर्धा किलो वांगी घ्या, दीड किलो बटाटे घ्या, आणि पिशवी त्याच्या हाती देऊन विचारा, "किती ओझे झाले रे?" तो बोटेही न मोजता सांगेल, "सव्वादोन किलो." दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला फळ्यासमोर उभे करा आणि एक छेद चार अधिक एक छेद दोन मांडा. बहुतेक वेळा वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून तो उत्तर देतो : दोन छेद सहा. म्हणजे तिसरा हिस्सा! अर्ध्यात पाव घातला तर अर्ध्याहूनही कमी झाला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मग हे मूल हुशार म्हणायचे की मठ्ठ? बाजारात त्याला ठाऊक होते की हा पाव किलोचा आहे आणि तो अर्धाही किलोचाच आहे. फळ्यावर मात्र एक आणि चार हे दोन सुटे आकडे, मध्ये एक आडवी रेघ. हा पाव कशाचा, हे त्याला कुणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. अपूर्णांकाचे निम्मे दुखणे या एका न विचारलेल्या प्रश्नात आहे. म्हणून वर्गात अपूर्णांक आला की पहिला सवाल हाच ठेवा : कशाचा?

आपल्या मराठीने या कामी मोठीच सोय करून ठेवली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन, असे एकेका शब्दात बसणारे अपूर्णांक आपल्याकडे घरोघर बोलले जातात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे या अपूर्णांकांचे पाढेच होते. साडेतीनाला औट म्हणत आणि औटकीही पाठ असे. 'औट घटकेचे राज्य' आपण अजून म्हणतो. चोवीस मिनिटांची एक घटका धरली तर ते राज्य अवघ्या एक तास चोवीस मिनिटांचे भरते! हा हिशेब सातवीच्या वर्गाला जरूर घाला, मुले खूश होतात. ते सगळे पाढे आज पुन्हा घोकून घ्यावेत असे मला वाटत नाही. अर्थ न कळता घोकलेली पाऊणकी आणि अर्थ न कळता घोकलेला नियम यांत फरक तो काय? पण पावकी आणि दिडकी मुलांकडून करवून घ्या. वहीवर, स्वतः मांडून. सात पाव म्हणजे पावणेदोन, आठ पाव म्हणजे दोन.

आणि येथेच थांबून विचारा : आठाला पावाने गुणले तर उत्तर आठापेक्षा लहान कसे आले? चौथीपर्यंत मुलाचा ग्रह झालेला असतो की गुणाकार म्हणजे वाढ. तो ग्रह मोडला नाही तर पुढे दशांशांचा गुणाकार हा त्याला नुसता जादूचा खेळ वाटतो. 'आठ गुणिले एक छेद चार' याऐवजी 'आठाचा पाव' असे म्हणून पहा. नुसता 'चा' लावल्याने केवढा उजेड पडतो! भागाकाराचेही तसेच. तीन भागिले एक छेद चार म्हटले की वर्ग गप्प. पण तीन किलो तिखटाच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती, असे विचारा; मागच्या बाकावरून सुद्धा "बारा" येईल. मग छेद उलटा करून गुणण्याचा नियम खुशाल सांगा. नियमाला आता जमीन मिळाली.

या घरच्या शब्दांत एकदोन खाचाही आहेत. पावणेदोन ऐकून मूल दोन पूर्णांक तीन छेद चार लिहिते, कारण त्याला 'दोन' स्पष्ट ऐकू येते. पावणे म्हणजे पाव कमी, हे त्याला दोरीवर दाखवावे लागते. दोरीचे पुढे सांगतो. दुसरी गंमत सव्वाशेची. सव्वा म्हणजे एक आणि पाव, हे मुलाला माहीत असते; पण सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस कसे? सव्वा लाख म्हणजे एक लाख पंचवीस हजार कसे? सव्वाशेतला पाव शंभराचा आहे, सव्वा लाखातला पाव लाखाचा. दीडशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेतीन लाख, असे दहाबारा शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे विचारा : यातला अपूर्णांक कशाचा? संख्येची जाण म्हणतात ती अशाने येते. पन्नास उदाहरणे वहीत उतरवून ती येत नाही.

आता दशांश. आपली जुनी मोजमापे अर्धे-अर्धे करीत गेलेली होती. रुपयाची अधेली, अधेलीची पावली, पावलीची चवली. सोळा आण्यांचा रुपया पावाला आणि अर्ध्याला फार सोयीचा. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम-मीटरची मापे ठरली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. शेर गेला, किलो आला. पण 'पाव' हा शब्द काही गेला नाही. पूर्वीचा पाव शेराचा, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. आजचा किलोचा, २५० ग्रॅम. शब्द तोच, 'कशाचा' तेवढे बदलले.

पण दहाव्या हिस्स्याला मात्र आपल्या तोंडी घरचा शब्द नाही. दशांश हा पुस्तकातला शब्द. कोणती आई मुलाला "दशांश भाकर घे" म्हणते? म्हणून पाव-अर्ध्यात तरबेज असलेले मूल दशांश चिन्हापाशी अडखळते. पूर्वी गुरुजी रुपये-पैशांवरून दशांश शिकवीत. ते आता चालणारे नाही. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आजच्या पाचवीतल्या मुलाने पैसा हाताळलेलाच नाही. शिवाय पैशांवरून शिकलेल्या मुलाला वाटते की चिन्हापुढे दोनच आकडे असतात. त्यापेक्षा किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बरा. पावभर साखर टाकली की त्यावर ०.२५० उमटते. तेच ०.२५, आणि तोच आपला पाव. पंचवीस ग्रॅम वेलदोडे टाकले तर ०.०२५. शेवटचे शून्य गेले तरी चालते, मधले गेले तर चालत नाही, हे काटाच शिकवतो.

वाचण्याचीही एक शिस्त पाळा. २.७५ हे 'दोन पॉइंट पंचाहत्तर' असे वाचू देऊ नका. 'दोन दशांश चिन्ह सात पाच' असे वाचा. पंचाहत्तर म्हटले की मुलाला तो मोठा वाटतो आणि २.८ मधला आठ लहान वाटतो. परतवाड्याला मेळघाटातले सागवान येते, लाकूड आगारात ओंडके घनमीटरने मोजतात. समजा एक ओंडका ०.३ घनमीटर आणि दुसरा ०.२४५. मोठा कोणता? कितीतरी मुले दुसरा सांगतात, कारण २४५ हे तीनापेक्षा मोठे! प्रत्यक्षात पहिला जवळजवळ दोन घनफुटांनी मोठा आहे.

इथे शिक्षकाने एक सावधगिरी ठेवावी. काही मुलांची समजूत नेमकी उलटी असते : सहस्रांश फार बारीक, म्हणून चिन्हापुढे जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान. असे मूल वरच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देईल आणि तुम्ही त्याला शाबासकीही द्याल. म्हणून लगेच दुसरी जोडी विचारा, ०.२ आणि ०.२४५. मग कोण समजून सांगतो आणि कोण अंदाजाने, ते उघडे पडते. उत्तर बरोबर आले तरी "कशावरून?" हे विचारायचेच.

कापसाच्या हंगामात याचे मोल कळते. आठ क्विंटल पाच किलो कापूस कसा लिहाल? ८.०५. कुणी ८.५ लिहिले तर ते साडेआठ क्विंटल झाले, पंचेचाळीस किलोंचा फरक. क्विंटलला सात हजार रुपये भाव धरा. एका शून्यामागे तीन हजार एकशे पन्नास रुपये इकडचे तिकडे.

याहून अवघड प्रकरण जमिनीचे. पोराने शाळेत शिकलेले असते की टिंब दिसले म्हणजे दशांश. घरात आजोबांचा जुना कागद असतो. त्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत, १.२० असे लिहिलेले. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हा तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, साठ गुंठे. पोराने हिशेब केला : एक दशांश चिन्ह दोन शून्य, म्हणजे १.२ एकर, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठे नुसत्या वाचण्यात गेले! आणि हेच १.२० जर हेक्टर-आरमध्ये असेल तर ते खरोखरच दशांशात आहे, कारण हेक्टराचे आर शंभर. घड्याळाचे २.३० म्हणजे अडीच, क्रिकेटमधली ४.३ षटके म्हणजे साडेचार, कारण षटकाचे चेंडू सहा. टिंब सगळीकडे सारखेच, पण त्यापुढच्या आकड्याला पूर्ण एक व्हायला किती लागतात, चाळीस, शंभर, साठ की सहा, हे आधी विचारायचे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, कशाचा? (सातबारा हा मात्र सात छेद बारा नव्हे, ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. हा खुलासा वर्गात एकदा करून टाकावा, विचारणारे असतात.)

आता दोरी. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी ताणा. एका टोकाला शून्याची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला एकाची. कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या. अर्धा कुठे? पाऊण कुठे? मुले घडी घालून जागा काढतात. मग दोरीचे दहा भाग करा आणि ०.३, ०.२४५, ०.०५ यांच्या चिठ्ठ्या अडकवायला सांगा. पाव हा ०.२ आणि ०.३ यांच्या बरोबर मधोमध पडतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ०.२५ पाठ करावे लागत नाही. नंतर शून्याची चिठ्ठी तशीच ठेवून एकाच्या जागी दोन लावा. त्याच दोरीवर सव्वा, दीड, पावणेदोन यांच्या जागा बसतात. खर्च दोरीचा आणि चिमट्यांचा.

दशांश आले म्हणून अंश-छेद टाकून मात्र देऊ नका. तीन भावांत एक क्विंटल तूर वाटायची तर दशांशात ०.३३३ असे तीन संपतच नाहीत. 'तिसरा हिस्सा' म्हटले की हिशेब चोख. बटाईची कामे अर्ध्या-तिसऱ्या हिश्शानेच बोलली जातात. आणि बेरजेचे उत्तर तपासताना छेद काढण्याआधी अंदाज घ्यायला लावा. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश लिहिणाऱ्याला म्हणा, अर्धी भाकर आणि अर्धी भाकर तुझ्या रीतीने मिळव पाहू. दोन छेद चार, म्हणजे अर्धीच. हे ऐकल्यावर तो स्वतःच पाटी पुसतो.

एक गोष्ट चिखलदरा-धारणीकडच्या शिक्षकांसाठी. तुमच्या वर्गातल्या कोरकू घरच्या मुलाच्या तोंडी पाऊण, सव्वा, औट हे शब्द असतीलच असे धरून चालू नका. त्याच्यासाठी तो मराठीचाही धडा आहे. आधी वाटणी करू द्या, मोह किंवा चारोळी मापून, ओंजळीने, वाटीने, आणि घरी अर्ध्याला काय म्हणतात ते त्याच्याकडूनच ऐका. तो शब्द फळ्यावर लिहा, त्याच्या शेजारी 'अर्धा', त्याच्या शेजारी एक छेद दोन, आणि मग ०.५.