मद्याविनाही मुरतो नाताळचा केक

नाताळच्या केकची तयारी भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. गोव्यातील अनेक घरांत रममध्ये किंवा ब्रँडीत भिजवलेल्या सुक्या फळांची बरणी आठवडेच्या आठवडे फडताळात मुरत असते. परंतु मद्य मिळतच नसेल, किंवा घरात चालत नसेल, तर हा केक आधीपासून करून ठेवता येतो का?

उज्जैनमध्ये हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा उरलेला नाही. मध्य प्रदेश शासनाच्या निर्णयानुसार उज्जैनसह काही धार्मिक नगरांतील मद्याची दुकाने आणि बार १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले. महाकालेश्वराच्या या नगरीत ख्रिस्ती समाज अल्पसंख्य असला, तरी १९६८ पासून तेथे सिरो-मलबार चर्चचे धर्मक्षेत्र आहे. या चर्चची मुळे केरळमध्ये आहेत आणि केरळमध्ये प्लम केकशिवाय नाताळ साजरा होत नाही.

या केकची जन्मकथाच या प्रश्नाच्या उत्तराची दिशा दाखवते. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने तलश्शेरी येथील मंबळ्ळी बापू या बेकरीवाल्याला इंग्लंडहून आणलेला केक दाखवून तसाच करण्यास सांगितले. त्यात फ्रेंच ब्रँडी घालावी, अशी त्याची सूचना होती. बापूंनी मात्र काजूची बोंडे आणि केळी यांपासून तयार केलेले स्थानिक पेय वापरले, असे सांगितले जाते. काजूच्या फेणीशी परिचित असलेल्या गोमंतकीयांना या कथेचे नवल वाटणार नाही. ब्रँडी बदलली, तरी केक केकच राहिला.

मग मद्याचे नेमके काम कोणते? ते फळे मऊ करते, मसाल्यांचा गंध खुलवते आणि बुरशीला अटकाव करते. भाजताना त्यातील बराच अंश उडून जातो. म्हणूनच दीर्घकाळ ठेवायच्या केकवर भाजल्यानंतरही अधूनमधून मद्य शिंपडतात. मात्र केक टिकण्याचे ते एकमेव कारण नव्हे. सुकामेवा आणि साखर पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सूक्ष्मजंतूंना वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी कमी पडते. आपल्या दोदोलचे उदाहरण घ्यावे. नारळाचे दूध, गूळ आणि तांदळाचे पीठ यांतील पाणी आटेपर्यंत ते ढवळत राहावे लागते. मद्याचा थेंबही नसलेला हा पदार्थ इतर ओल्या मिठायांपेक्षा जास्त टिकतो, तो याच तत्त्वावर.

मद्याविना केक करताना मनुका, बेदाणे, बिया काढलेला खजूर, सुके अंजीर आणि पाकवलेली संत्र्याची साल मिळून ५०० ग्रॅम फळे बारीक चिरावीत. त्यांत २०० मिलिलिटर संत्र्याचा रस घालून मंद आचेवर रस आटेपर्यंत शिजवावे आणि थंड झाल्यावर एक रात्र फ्रिजमध्ये ठेवावे. रमप्रमाणे रसात भिजवलेली फळे आठवडाभर बाहेर ठेवणे ही घोडचूक ठरेल. रस आंबतो आणि सगळा जिन्नस वाया जातो.

दुसऱ्या दिवशी २०० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम तपकिरी साखर फेटून त्यात एकेक करून चार अंडी घालावीत. २५० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर आणि दालचिनी, लवंग व जायफळ यांची मिळून एक चमचा पूड चाळून मिसळावी. शेवटी फळे आणि १०० ग्रॅम काजूचे तुकडे घालावेत. आठ इंची भांड्याला बटर पेपरचे दुहेरी अस्तर लावून केक १५० अंश सेल्सिअसवर दोन ते अडीच तास भाजावा. मध्यभागी खुपसलेली सळई कोरडी निघाली, की केक झाला. वरचा भाग लवकर काळवंडू लागल्यास त्यावर कागद झाकावा.

यानंतरची पायरी घाईत हमखास चुकते. केक पूर्ण गार होण्याआधी गुंडाळला, तर आतली वाफ पाणी होऊन बसते आणि तेथेच बुरशी धरते. म्हणून तो रात्रभर जाळीवर ठेवून मगच बटर पेपरमध्ये आणि त्यावर फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात भरावा. दोन-तीन दिवसांत फळांचा ओलावा केकभर पसरतो आणि मसाल्यांचा स्वाद एकजीव होतो. मुरणे म्हणतात ते हेच.

साठवण हवेवरही अवलंबून असते. माळव्यातील डिसेंबर थंड आणि कोरडा असतो. गोव्यात किनाऱ्यावरची हवा त्या महिन्यातही उबदार आणि दमट राहते. त्यामुळे येथे मद्याविना केलेला केक दोन-तीन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये तो दोन आठवडे, तर नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये सुमारे तीन महिने चांगला राहतो. खाण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवावा. बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये. बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात.

थोडक्यात, वेळापत्रक तेवढे बदलावे लागते. मद्याची बरणी ऑक्टोबरमध्ये भरली तरी चालते. मद्याविना करणाऱ्यांनी ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त होऊ द्यावे, ८ तारखेचे पणजीचे फेस्तही होऊ द्यावे आणि १५ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान केक भाजावा. नाताळच्या दिवशी तो पुरेसा मुरलेला असेल, आणि घरातील लहानथोरांपासून मद्य वर्ज्य असलेल्या शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना एकाच ताटातून देता येईल.