४०४ : वाट चुकलेल्यांसाठी लिहिलेलं पान

धंद्याची वेबसाइट तयार होते तेव्हा मालकाचं सगळं लक्ष पहिल्या पानावर असतं. फोटो मोठा हवा, दर ठळक हवेत, बुकिंगचं बटण डोळ्यांत भरायला हवं. ‘पान सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या, ४०४ हा आकडा दाखवणाऱ्या एरर पेजचा विषय मात्र कुणी काढत नाही. साइट सुरू करायच्या घाईत ते कसंबसं उरकलं जातं. गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त वैतागलेलं असतं ते नेमकं याच पानावर. या पानामागच्या गमतीजमती आणि डोकेदुखी नागझिऱ्याचं जंगल डोळ्यांपुढे ठेवून सांगतो, कारण जंगलाच्या कडेला मुक्कामाची सोय करणाऱ्यांच्या साइटवर या पानाची खरी परीक्षा होते.

एक नाव, ६३ चिन्हं

नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. रोमन लिपीत ‘नवेगाव’ कुणी ‘व्ही’ वापरून लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’. ‘नागझिरा’त कुणी नुसता ‘झेड’ घालतं, कुणी त्याला ‘एच’ जोडतं. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ४०४ पुढ्यात. बरं, पत्ता देवनागरीत ठेवावा, तर तिथेही अडचण आहेच. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटांत साठवली जाते आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘नागझिरा’ म्हणजे अक्षरं आणि मात्रा मिळून सात. कॉपी केलेल्या लिंकमध्ये त्याची होतात ६३ चिन्हं! अशी लांबलचक लिंक कुणी अर्धीच उचलतं, कुठे ती मधेच तुटते.

म्हणून मुरलेला माणूस एरर पेजवर चित्राच्या आधी दोन गोष्टी ठेवतो. एक म्हणजे सगळी स्पेलिंगं ओळखणारी शोधाची चौकट. दुसरी म्हणजे गेटांची नावं : पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी. पिटेझरी साकोलीच्या बाजूला, चोरखमारा तिरोड्याच्या बाजूला. चुकीच्या गेटवर पोचलेल्या कुटुंबाची सकाळची सफारी हुकलीच म्हणून समजा.

५१२ बाइटांची अट

इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातला एक किस्सा या धंद्यातली जुनी माणसं अजून सांगतात. कुणी आवडीने छोटंसं, नेटकं ४०४ पान लिहायचं, आणि ब्राउझर ते न दाखवता स्वतःचंच ठरावीक पान पुढे करायचा. कारण शोधता शोधता पुरेवाट व्हायची. खोच साधी होती. ५१२ बाइटांपेक्षा लहान पान ‘उपयोगाचं नाही’ असं ब्राउझर परस्पर ठरवत असे. मग लोक कोडमध्ये वाचकाला न दिसणारा मजकूर भरून पानाचं वजन वाढवत. थोडक्यात लिहिलेल्या पानाला अशी भरताड करून आपली जागा मिळवावी लागे.

गोड बोलणारं खोटं पान

पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी बंद होते. अशा वेळी काही जण सफारीचं पानच साइटवरून काढून टाकतात. उन्हाळ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलेल्या लिंका मग एकदम निकामी होतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पानावर ‘क्षमस्व, सापडलं नाही’ असं लिहायचं आणि सर्व्हरने मात्र २०० हा, म्हणजे ‘सगळं ठीक’ असल्याचा, संकेत पाठवायचा. गूगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं आणि अशी पानं शोधाच्या यादीतून वगळतं.

खरं तर पान काढायची गरजच नसते. त्याच पत्त्यावर ‘पावसाळ्यामुळे सफारी बंद आहे, बुकिंग अमुक तारखेपासून’ एवढं लिहिलं की काम भागतं. पत्ता कायमचा बदलला असेल तर ३०१ देऊन पाहुण्याला नव्या पानावर न्यावं. सर्व्हर तात्पुरता बसला असेल तर ५०३ द्यावा आणि पुन्हा कधी प्रयत्न करायचा तेही सांगावं. या आकड्यांमध्ये माणसाला आणि यंत्राला एकच खरी गोष्ट सांगण्याची सोय आहे. ती वापरायलाच हवी.

देवमासा आणि डायनासोर

२००८ च्या सुमारास ट्विटर वारंवार बसायचं, तेव्हा पक्ष्यांनी उचललेला देवमासा पडद्यावर यायचा. चित्रकार यियिंग लू यांचं ते चित्र लोकांना इतकं आवडलं की त्याचे चाहते तयार झाले. तरी २०१३ मध्ये कंपनीने ते काढलं, कारण देवमासा म्हटलं की लोकांना बंद पडलेली साइटच आठवे. चित्र कितीही देखणं असलं तरी अडलेलं काम त्याने पुढे सरकत नाही.

क्रोम ब्राउझरमधला, नेट नसताना खेळायचा डायनासोरचा खेळ २०१४ मध्ये आला. नेट गेलं की माणूस पुन्हा आदिम काळात पोचतो, ही त्यामागची कल्पना. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं की हा खेळ महिन्याला २७ कोटी वेळा खेळला जातो, आणि खेळणाऱ्यांत भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले लोक जास्त. म्हणजे जिथे नेट बेभरवशाचं किंवा महाग, तिथले.

नागझिऱ्याच्या वाटेवर हेच घडतं. तळ्याकाठच्या विश्रामगृहांची ओळख वर्षानुवर्षे ‘इथे वीज नाही’ अशीच राहिली आहे, आणि जंगल दाट होत जातं तशी मोबाइलची रेंज जाते. अशा ठिकाणी सगळ्यांत उपयोगी एरर पेज कोणतं? जे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेलं असतं ते. बुकिंग झालं त्याच क्षणी साइट हे पान फोनमध्ये साठवू शकते. गेटचं नाव, पोचायची वेळ, सोबत ठेवायचं ओळखपत्र आणि मुक्कामाचा फोन नंबर, सगळं साध्या मजकुरात. फोटो नाही, व्हिडिओ तर नाहीच. रेंज गेली की ‘नेट नाही, पण तुमचं बुकिंग पक्कं आहे’ अशा शब्दांनी ते उघडतं.

मालकांना एक विनंती

एरर पेज लिहिताना तीन वाक्यं पुरतात : काय झालं, यात तुमची चूक नाही, आता इथे जा. ती सरळ मराठीत लिहा. मग हवं तर रानकुत्र्याचं किंवा अस्वलाचं छानसं चित्र काढून घ्या, पण ते खाली ठेवा. पान तयार झालं की ऑफिसच्या वायफायवर तपासून मोकळे होऊ नका. साकोलीहून पिटेझरीला जाणाऱ्या गाडीत, साध्या फोनवर ते उघडून बघा. नव्या गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी आपण जाहिरातींवर पैसे ओततो. आपल्या दारात येऊन अडकलेल्या माणसासाठी आपण एक दिवसाचं काम करावं हा त्याचा हक्क आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं आहे.