उन्हातून आलेली शांतता

मे महिन्यात चेन्नईमध्ये अग्निनक्षत्राचे कडक ऊन तापू लागते. ज्या परिसरात १९६८ साली जागतिक व्यापार मेळा भरला होता, ते अण्णा नगर शहराच्या पश्चिम भागात, किनाऱ्यापासून बरेच आत आहे. समुद्रावरचा वारा येथवर उशिरा पोचतो. तोवर झाडाचे पानही हलत नाही. इंग्रजी भाषेतील शांततेचा एक नित्याचा शब्द अशाच घटकेतून जन्मला आहे.

तो शब्द ‘काम’. त्यातील ‘ल’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. मराठी कानाला तो शांतीच्या नेमक्या उलट अर्थाचा वाटावा, ही एक गंमतच! भाषाशास्त्रज्ञांच्या बहुमान्य मतानुसार त्याचे मूळ ग्रीक ‘कौमा’ म्हणजे दाह, रखरखीत ऊन. हा शब्द लॅटिनमध्ये आला, आणि उष्णतावाचक ‘कालेरे’ या क्रियापदाच्या सहवासाने बहुधा त्यात ‘ल’ शिरून ‘काल्मा’ झाला. उन्हावरून उन्हाची वेळ, त्या वेळची विश्रांती आणि अखेर वारा पडलेला समुद्र, असा अर्थ सरकत गेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. प्रथम तो समुद्राला व हवेला लावीत. माणसाच्या मनाला तो पुढे लागू झाला.

शिडाच्या जहाजावरील खलाशांना मात्र ही शांतता सुखाची नव्हती. जहाज जागच्या जागी खिळून राही, पिण्याचे पाणी संपत जाई. ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचे मोजमाप ठरविले, त्यात या अवस्थेला शून्य अंक मिळाला. म्हणून जुन्या सागरी वर्णनांत या शब्दाचे ‘शांत’ असे भाषांतर करणे फसवे ठरते. ‘वारा पडला’ हेच तेथे खरे मराठी.

आपल्या ‘शांत’ शब्दाची कथाही कमी रंजक नाही. त्याचा धातू ‘शम्’. वैदिक भाषेत त्याचा एक अर्थ श्रम करणे असा होता. त्यावरून दमणे, थांबणे, विझणे हे अर्थ आले. मराठीत तहान शमते, आग शमते, वादळ शमते. आधी काही पेटलेले असल्याखेरीज हे क्रियापद वापरताच येत नाही.

अण्णा नगरातील तमिळ शेजारी शांततेला ‘अमैदि’ म्हणतो. त्यातील ‘अमै’ म्हणजे स्थिरावणे, नीट बसणे. या शब्दात ऊनही नाही आणि आगही नाही.