राग कोणाच्या खाती?

चेंडू, पाणी, पोळी हे शब्द बोट दाखवून शिकवता येतात. धावणे, उडी मारणे करून दाखवता येते. परंतु घाबरणे, आवडणे, रागावणे यांचे काय? भाव मनात असतो. बाहेर दिसतो तो केवळ चेहरा अथवा अश्रू. तरीही दोन-अडीच वर्षांचे मूल असे शब्द बोलू लागते.

बोलणे आणि उमजणे यांत मात्र अंतर आहे. जमाखर्चात रक्कम बरोबर असली, तरी ती भलत्याच खाती पडली तर नोंद चुकतेच. क्रियापदाचेही तसेच आहे. इंग्रजीत ‘मेरी फ्रायटन्ड जॉन’ म्हटले तर घाबरला तो जॉन. ‘मेरी फिअर्ड जॉन’ म्हटले तर घाबरली ती मेरी. नावांचा क्रम तोच, भीती मात्र दुसऱ्याच्या खाती. जोशुआ हार्ट्सहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१५ सालचा अभ्यास सांगतो की, इंग्रजीभाषक मुलांना पहिल्या प्रकारची क्रियापदे आधी समजतात. नवल असे की, ‘लाइक’सारखी दुसऱ्या प्रकारची क्रियापदे कानांवर अधिक वेळा पडतात. म्हणजे निव्वळ घोकंपट्टीने हे साधत नाही. आधी येतो तो घडवणारा, नंतरचा तो सोसणारा, असा आडाखा मुलाने बांधलेला असतो आणि त्यात बसणारे क्रियापद लवकर उमजते.

मराठीची घडण निराळी. ‘मला भीती वाटते’, ‘मला राग येतो’ यांत ‘मी’ कर्ता नाहीच. भाव माझ्याकडे येतो. ‘मला आंबा आवडतो’ म्हणताना क्रियापद चालते ते आंब्याच्या लिंगाने. चिंच आली की ‘आवडते’ होते! आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या गुजरातीत ‘मने बीक लागे छे’, हिंदीत ‘मुझे डर लगता है’, घडण तीच. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची ही सोयच म्हणावी. ‘रागावणे’ मात्र फसवे. ‘बाबा रागावले’ म्हणजे लहानग्याच्या लेखी बहुधा ‘बाबा ओरडले’ एवढेच. गप्प बसलेले बाबाही रागावलेले असू शकतात, हे कळण्यास काळ जावा लागतो.

येथे घरातील बोलणे मोलाचे ठरते. जूडी डन व सहकाऱ्यांच्या १९९१ सालच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी ज्या मुलांच्या घरी भावनांविषयी अधिक बोलले जात होते, ती सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक नेमक्या ओळखताना दिसली. आपल्याकडे दुकान बंद करून घरी यावे तो मूल झोपलेले असते. जागे असलेच तर ‘त्यात काय घाबरायचे!’ म्हणून आपण विषय मिटवतो. मुलाच्या खाती पडलेली नोंदच आपण खोडून टाकतो. त्याऐवजी ‘कुत्रा भुंकला म्हणून तुला भीती वाटली का?’ असे विचारावे. कारण कोणते आणि भाव कोणाचा, हे त्या एका वाक्यात मुलाला सुटे करून मिळते. शाळेच्या गाडीत कोणी रोज दटावत असेल, तर ‘मला त्याची भीती वाटते’ हे वाक्य जवळ नसलेले मूल ‘पोट दुखते’ एवढेच सांगते, आणि आपण ओवा देऊन दुकानाच्या वाटेला लागतो.